किती चौरस मीटर

दुकानातली पोर, टूवा, विचारते, किती चौरस मीटर?
तू म्हणतोस आठशे. मी म्हणते सहाशे.
ती आळीपाळीनं दोघांकडे बघते
आणि पेन्सिल परत कानामागे खोचते.

एकेचाळीस उन्हाळे एकाच हिरवळीवर कॉफी प्यायलो, सिक्स्टेन,
आणि आज कळतंय, तुझं अंगण
माझ्या अंगणाहून दोनशे मीटरनं मोठं आहे.

उतार? ती पुढचं विचारते.
आहे. तळ्याकडे. तिथेच तर तुझा खांदा गेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यंत्र ढकलणं बंद.
तू ऐकलंस, म्हणजे ऐकून घेतलंस.
पुढच्याच शनिवारी शेडमागे सापडलास,
एका हातात दांडा, तोंडात शिवी.

म्हणून आज हे दुकान.
पाठी वर काढून ओळीनं बसलेली ती, कासवांसारखी.
एक तारेवर चालतं. आधी जमिनीत तार पुरायची,
मग ते तारेपलीकडे जात नाही.
एक आकाशाला विचारून चालतं,
पण बर्चच्या दाटीत त्याला आकाश सापडत नाही.
(मलाही कुठे सापडतं, तू पुटपुटलास.)
एकाला डोळा आहे. ते सगळ्यांत महाग.
यंग्वेकडे तेच आहे,
नातवंडांच्या ट्रॅम्पोलिनखाली अडकून
सकाळी सहाला हाका मारतं,
आणि यंग्वे पायजम्यात, पोटावर आडवा,
त्याला शेपटीनं ओढत असतो.

रात्री चालवू नका, टूवा म्हणते. हेजहॉग असतात.
तो पळत नाही, गोळा होऊन बसतो,
आणि पात्याला काय, गोळा काय, गवत काय.
अंधार पडला की बंद.
पण जूनमध्ये अंधार पडतोच कुठे, मी विचारलं.
ती हसली. ते हेजहॉगला माहीत असतं, म्हणाली.

घरी वीजबिलाच्या पाठीवर तू नकाशा काढलास.
झेंड्याचा खांब. आलुबुखारचं झाड. विहिरीचं झाकण.
मग तारेची रेघ.
तू ती थेट तळ्यापर्यंत नेलीस,
मी दगडी बांधाशी बोट ठेवलं. इथपर्यंत.
त्यापलीकडचं मी कधी अंगण धरलंच नव्हतं.
तू कापायचास, म्हणून ते गवत होतं.

मग मी तिथे इतकी वर्षं कुणासाठी?

मला वाटायचं, तुला आवडतं.
तुला वाटायचं, मला हवंय.

घड्याळ मोठ्यानं चालायला लागलं.
तू कडेला हिशेब मांडलास,
आठवड्याला पाऊण तास, मे ते सप्टेंबर, गुणिले एकेचाळीस.
उत्तर मला दाखवलं नाहीस.
कागद दुमडून चष्म्याच्या डबीत ठेवलास.

घेतलं ते सहाशेवालं, तारेचं, सगळ्यांत साधं.
तार मी पुरली, खुंट्या तू मोजून दिल्यास,
दोन कमी पडल्या, त्या यंग्वेनं दिल्या
आणि सल्ले फुकट.

आता ते फिरतं दिवसभर, कुरकुर न करता.
बांधापाशी येतं, थबकतं,
काहीतरी विसरल्यासारखं वळून परत जातं.
पलीकडे गुडघ्याएवढं वाढलंय,
निळ्या घंटा, पांढऱ्या डेझी, नाव माहीत नसलेलं पिवळं काहीतरी.
तू तिथे उभा असतोस हात मागे बांधून,
निवृत्तीनंतर कारखान्याच्या फाटकाशी जायचास, तसा.

काल विचारलंस, विळा कुठे ठेवलाय?
कशाला?
तळ्याजवळ, थोडंसं. डाव्या हातानं.
किती चौरस मीटर, मी विचारलं.

तू बोलला नाहीस. व्हरांड्यातली खुर्ची उचललीस,
गवतातून तिला वाट काढत खाली नेऊन ठेवलीस,
जरा लांबून तिच्याकडे बघितलंस
आणि दुसरी न्यायला परत आलास.